ब्रेक लावलेली चाकं अधांतरी: वाशिष्ठीकाठच्या एका ओटी टेबलाचं प्रकरण

मी पहिल्यांदा ते ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, टेबल वापरात असताना पाहिलं, तेव्हा त्याच्याखाली माणूस होता. दवाखान्यातले मामा हिरवा गाऊन घालून उकिडवे बसले होते आणि खांदा टेबलाच्या बैठकीला, म्हणजे खालच्या पायथ्याला, लावून ती दाबून धरत होते. वर हाडाचे डॉक्टर मांडीच्या हाडात खिळा ठोकत होते. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला मामांचा खांदा हलत होता. ऑपरेशन संपल्यावर मामा मला म्हणाले, "साहेब, तुम्ही चाकं बदललीत ना, तेव्हापासून ही ड्युटी लागली."

खोटं नव्हतं ते. चाकं मीच बदलली होती.

चिपळूण तालुक्यातलं हे पंधरा खाटांचं नर्सिंग होम. ओटी एकच. आठवड्यातले चार दिवस जनरल सर्जन, दोन दिवस बाहेरून येणारे हाडांचे डॉक्टर. टेबल एकच आणि तेही जुनं: मधोमध एक खांब, पायाने पंप मारायचा हायड्रॉलिक, खाली चार फिरती चाकं. कोपऱ्यांतल्या दोन समोरासमोरच्या चाकांना ब्रेक. टेबलाचं वजन साधारण २०० किलो. चाकांमधलं अंतर लांबीला १ मीटर, रुंदीला अर्धा मीटर. ही मापं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

माझं वर्कशॉप लोट्याच्या बाजूला. फॅब्रिकेशनची कामं करतो आणि हॉस्पिटल फर्निचर बनवणाऱ्या एका परवानाधारक उत्पादकाचं जॉबवर्क घेतो. हे आधीच सांगतो, कारण ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे 'अ' आणि 'ब' या कमी जोखमीच्या वर्गांतली वैद्यकीय उपकरणंही परवान्याच्या किंवा नोंदणीच्या नियमांत आली आहेत. गल्लीतल्या वेल्डरने ओटी टेबलाला मनाने पाय जोडून दिले, असा हा प्रकार नाही. पुढची नवी बैठक आमच्याकडे तयार झाली, पण ड्रॉइंग, चाचणी आणि सही त्या उत्पादकाची.

माझी आधीची दुरुस्ती

वर्षभरापूर्वी डॉक्टरांची तक्रार अगदी उलटी होती. टेबल हलतच नाही. ओटी धुवायच्या दिवशी चार माणसं लागायची. जुनी १०० मिलिमीटरची चाकं मी उघडून पाहिली तर आसाभोवती टाक्याचे दोरे, गॉजचे धागे, केस आणि वाळलेलं बीटाडिन यांचा गोळा. बेअरिंग गंजलेलं. गंजणारच. ओटीत जमिनीवर सांडणारं सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी, समुद्राच्या खारटपणाच्या साधारण पाव. गुडघ्यात दुर्बीण घालून केलेल्या ऑपरेशनला ते लिटरांनी वाहतं. त्यावर रोजचं हायपोक्लोराइटचं, म्हणजे जंतुनाशक ब्लीचचं, पोतेरं. म्हणजे चाकाला खाडी दारातच.

मी १२५ मिलिमीटरची, सील केलेल्या बेअरिंगची, मऊ रबराची चाकं लावली. टेबल एका हाताने ढकलता यायला लागलं. डॉक्टरांनी चहा पाजला. महिन्याभरात फोन आला की ऑपरेशन चालू असताना टेबल सरकतंय. मी जाऊन ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या. परत फोन. परत बदलल्या. तिसऱ्या फोनला मी ब्रेकला हात लावला नाही आणि "आधी चालू ऑपरेशन बघू द्या" म्हणालो. तेव्हा मामा दिसले.

जमीन मोजली तेव्हा

पाण्याची नळी घेतली, गवंडी वापरतात ती. पारदर्शक नळीत पाणी भरून ओटीभर फिरवली. ही खोली मुळात राहत्या घराची. ओटी करताना वर टाइल बसवली, पण कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपकडे जाणारा उतार तसाच राहिला. ८० ला १ असा उतार. डोळ्याला दिसत नाही, चाकाला दिसतो.

टेबल आणि ९० किलोचा रुग्ण मिळून २९० किलो. ८० ला १ उतारावर हे वजन खाली ओढतं साधारण ३.६ किलोच्या जोराने. चांगल्या चाकाचा लोळण्याचा विरोध वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास धरला, तर तो होतो ४.४ किलो. म्हणजे टेबल नहाणीकडे निघायला किलोभराचा धक्का पुरे. जुन्या चाकांतला दोऱ्यांचा गोळा हाच त्या टेबलाचा खरा ब्रेक होता, आणि तो मी साफ करून टाकला होता.

पण ब्रेक का धरत नव्हते? ते नवे होते. मी टेबलाला हात लावून चारही कोपऱ्यांत आळीपाळीने दाबलं. डुगडुगलं. मग चाकांखाली कागदाचा कपटा सरकवून पाहिला. एका ब्रेकच्या चाकाखालून कपटा आरामात गेला. फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजलं तर तीन मिलिमीटरची फट. समोरच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या ब्रेकच्या चाकाखालून कपटा गेला नाही, पण ते चाक ब्रेक लावूनही मी बोटांनी घसरवू शकलो.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. चार पायांचं काहीही असमान जमिनीवर ठेवलं की ते तीन पायांवर उभं राहतं, हे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण खांब बरोबर मधोमध असला तर त्याच्याही पुढची गोष्ट होते. वजनाचा मध्य कर्णावर येतो. त्या कर्णाच्या दोन टोकांची चाकं जवळजवळ सगळा भार घेतात. दुसऱ्या कर्णावरचं एक चाक अधांतरी आणि त्याच्या समोरचं नुसतं टेकलेलं. आमचे दोन्ही ब्रेक नेमके त्या दुसऱ्या कर्णावर होते. २९० किलोचं ओझं दोन मोकळ्या चाकांवर उभं होतं आणि ब्रेक हवेला लावलेले होते.

तक्रार रोज का येत नव्हती, हेही कळलं. फिरतं चाक आपल्या खुंट्याच्या बरोबर खाली टेकत नाही. ते थोडं मागे टेकतं, म्हणून तर ते वळतं. आमच्या चाकात हे अंतर ३५ मिलिमीटर होतं. टेबल कुठल्या दिशेने ढकलून आणलं त्यावर चाक आत तोंड करून बसणार की बाहेर, हे ठरतं. म्हणजे टेकायची जागा ७० मिलिमीटरपर्यंत इकडेतिकडे. टाइल बदलली की फट बदलली. मंगळवारी टेबल गुणी, शुक्रवारी वात्रट.

तीन मिलिमीटरची फट ऐकायला काहीच वाटत नाही. डॉक्टरांना मी हिशेब करून दाखवला. १ मीटर बाय अर्धा मीटरच्या चौकोनात कोपऱ्यापासून कर्णाचं अंतर ४४७ मिलिमीटर. टेबलाची उंची ९५०. म्हणजे खालची फट वर जवळजवळ २.१ पट होऊन पोचते: ६.४ मिलिमीटर. त्यांनी हातातलं ड्रिल बिट पुढे केलं. ते ४.५ मिलिमीटरचं होतं. पुढे बोलायची गरज पडली नाही.

उलटण्याची भीती आणि हलण्याचा त्रास

डॉक्टरांच्या मनात भीती होती टेबल उलटण्याची. मीही आधी तोच हिशेब मांडला. चारही चाकं आत वळलेली धरली तर अर्धी रुंदी २५० ऐवजी २१५ मिलिमीटर राहते. २९० किलोला आडवं उलटवायला ९५० मिलिमीटर उंचीवर साधारण ६५ किलोची ओढ लागेल. निखळलेला खुबा बसवताना डॉक्टर जीव खाऊन ओढतात, तेवढी ओढ कधी लागेलही; पण उलटण्याच्या कितीतरी आधी हे टेबल डुगडुगतं आणि घसरतं. स्थिरता म्हणजे न उलटणं, असं धरून चाललो असतो तर आम्ही बैठक नुसतीच रुंद केली असती.

खरं तर ते करूनही पाहिलं. आमचा वेल्डर मच्छीमार घरातला, आजोबा होड्या बांधायचे. तो म्हणाला, "भाऊ, उलांडी लावा की दोन्ही बाजूंना." उलांडी म्हणजे होडीला बाजूने बांधतात तो आडवा टेकू, तिच्यामुळे अरुंद होडीही लाटेवर कलंडत नाही. आम्ही लाकडी पट्ट्या लावून बैठक दोन्हीकडे शंभर शंभर मिलिमीटरने वाढवली आणि सर्जनना टेबलाशी उभं राहायला सांगितलं. त्यांची चप्पल लगेच पट्टीवर आपटली. सर्जन टेबलाला पोट टेकवून उभा राहतो. त्याच्या पायाचे पंजे टेबलाखालीच असतात. तिथे अडथळा आला की तो मागे सरतो, कमरेत वाकतो आणि दोन तासांनी पाठ धरून बाहेर येतो. शिवाय सी-आर्मचे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राचे, पाय आत घुसवायला जागा लागतेच. उलांडी बाद.

त्याची दुसरी सूचना मात्र टिकली. "मग नीरम टाका." रिकाम्या होडीच्या तळाशी दगड टाकतात ते नीरम. बैठकीच्या तळाशी २० किलोच्या दोन लोखंडी लाद्या, खाचेत सरकवायच्या. भार खाली गेला की एकूण वजनाचा मध्य खाली येतो, आणि वाढलेल्या वजनामुळे उलटवायला लागणारा जोरही वाढतो. माझी पहिली प्रतिक्रिया नकाराची होती: आधीच जड, आणखी ४० किलो कशाला? पण सपाट जमिनीवर त्या ४० किलोने ढकलायचा जोर वाढतो तो दीड टक्क्याच्या हिशेबाने ६०० ग्रॅम. टेबल हलवायला जड वाटतं ते वजनाने कमी आणि चाकाने, उंबऱ्याने जास्त.

उंबऱ्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. ओटीच्या दारात १२ मिलिमीटरची पट्टी होती. पुढच्या दोन चाकांवर १०० किलो धरले तर १०० मिलिमीटरचं चाक त्या पट्टीवर चढवायला सुमारे ८५ किलोचा जोर लागतो. १५० मिलिमीटरच्या चाकालाही ६५. मोठी चाकं घालून टेबल उंच करण्यापेक्षा गवंड्याला बोलावून पट्टीच्या दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर लांबीचा उतार करून घेतला. आता लागतात ८ किलो आणि वर थोडे. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल तोच, आणि त्याला माझं डोकं लागलेलं नाही. मावशी म्हणाल्या होत्या, "ती पट्टी काढा आधी, आमची बादलीसुद्धा अडते."

चाक चालायला, पाय उभं राहायला

मूळ चूक कुठे होती ते आता स्पष्ट होतं. एकाच चाकाला आपण दोन कामं सांगतो. हलवताना लोळ, आणि ऑपरेशनला अजिबात लोळू नकोस. मऊ, मोठं, हलकं फिरणारं चाक पहिलं काम जितकं चांगलं करेल तितकं दुसरं वाईट करणार. साधा ब्रेक चाकाचं फिरणं थांबवतो, खुंट्याभोवतीचं वळणं थांबवत नाही. म्हणून ब्रेक लावलेलं टेबलही शेपूट हलवल्यासारखं जागच्या जागी फिरतं. दोन्ही थांबवणारं टोटल लॉक चाक मिळतं, एका पेडलने चारही लॉक होणारी व्यवस्थाही मिळते. नव्या, सपाट ओटीत ती पुरते. आमच्या ओटीत चारही चाकं लॉक झाली असती आणि एक तरीही अधांतरी राहिलं असतं.

म्हणून ठरलं: टेबल चालेल चाकांवर, उभं राहील पायांवर. पेडल दाबलं की चाकं खाली येऊन बैठक ८ मिलिमीटर उचलतात. पेडल सोडवलं की चाकं वर जातात आणि रबरी पाय टेकतात.

चाकं खाली आणायची यंत्रणा कशी असावी यावर बरीच रात्र जाळली. हायड्रॉलिक नको, कारण गळतं. वरचं हायड्रॉलिकच सांभाळताना नाकी नऊ येतात. मोटर नको, कारण पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. स्क्रू चांगला, स्वतःच अडकून राहतो, पण चार स्क्रू फिरवायला कुणाला वेळ आहे? शेवटी उत्तर सापडलं वर्कशॉपच्या दारात उभ्या जुन्या स्कूटरमध्ये. मेन स्टँडवर पाय दिला की एका टप्प्यापर्यंत जोर लागतो, मग तो मध्य ओलांडतो आणि स्कूटरचं स्वतःचंच वजन त्याला अडकवून ठेवतं. आमची कडी तशीच: दोन पट्ट्यांचा सांधा सरळ रेषेच्या जरा पुढे गेला की टेबलाचं वजन त्याला आणखी घट्ट करतं. पेडल निसटून चाकं अचानक वर जाणं शक्य नाही.

आता पेडलचा जोर. लाद्यांसकट रिकामं टेबल २४० किलो, उचल ८ मिलिमीटर, पेडलची चाल १५० मिलिमीटर. सरासरी जोर १३ किलो, घर्षण धरून वीसेक. हा आकडा महत्त्वाचा, कारण पेडल दाबणार सिस्टर. त्यांचं वजन पन्नाशीच्या आतलं, पायात ओटीची ओली रबरी चप्पल. पहिल्या नमुन्यात आम्ही चाल १०० मिलिमीटर ठेवली होती, दिसायला सुबक. सिस्टरनी दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "मामा नसले की हे टेबल इथेच राहणार." चाल वाढवली, पेडलवर चेकर्ड पत्रा लावला.

आणखी एक बारीक गोष्ट. चारही चाकं फिरती असली की लांब पॅसेजमध्ये टेबल मोकाट गुरासारखं कुठेही तोंड घालतं. एका चाकाला दिशा-लॉक दिला. सरळ न्यायचं असेल तेव्हा ते चाक सरळ अडकतं आणि टेबल ओळीत चालतं.

तराजूची दांडी, आणि तिची चुकीची बाजू

पाय आले, पण असमान जमीन तशीच होती. चार पाय म्हणजे परत तीनच टेकणार. पायांना फिरवून वरखाली करायचे पेच देता आले असते, पण टेबल जागा बदलतं; दर वेळी कोण पाना घेऊन बसणार? तीनच पाय द्यावेत तर आडवी पकड निम्मी होते.

मधला मार्ग तराजूतून मिळाला. एका टोकाचे दोन पाय एका आडव्या दांडीला, आणि दांडी मधोमध खिळीवर डुलती. जमीन जशी असेल तशी दांडी कलते, चारही पाय टेकतात, चारही भार घेतात. पण डुलती दांडी म्हणजे हिशेबाने तीनच आधार. मग पकड निम्मी झालीच की. म्हणून दांडीला तीन मिलिमीटरवर अडण्या दिल्या. त्याच्या पुढे ती डुलत नाही, टेबल पुरेपूर चार पायांचं होतं.

दांडी आम्ही रुग्णाच्या पायांकडच्या टोकाला बसवली. का? तिथे जागा होती. दुसरं कारण नाही.

विद्युत वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण मानकात तोल तपासायची रीत आहे: वापराच्या स्थितीत ५ अंश कललेल्या फळीवर उपकरण उलटता कामा नये, नेण्याच्या स्थितीत १० अंशांवर. रुग्णाचं वजन वेगळं ठरवलेलं नसेल तर १३५ किलो धरतात. शस्त्रक्रियेच्या टेबलांसाठी आयईसी ६०६०१-२-४६ हा वेगळा भाग आहे. आमचं टेबल पायाने पंप मारायचं असलं तरी मोजायला फूटपट्टी म्हणून हे आकडे चांगले आहेत, असं उत्पादकाच्या इंजिनिअरचं म्हणणं पडलं. दीड मीटरची भक्कम फळी, एका कडेखाली जॅक. ५ अंशांना कड १३१ मिलिमीटर उचलायची, १० अंशांना २६०. रुग्ण म्हणून ५० किलोच्या दोन सिमेंटच्या गोण्या आणि वजन करून घेतलेला ३५ किलोचा एक जांभ्याचा चिरा. चिऱ्याला मुलांनी कापडी टोपी घातली होती. चाचणी कठोर व्हावी म्हणून लाद्या काढून ठेवल्या.

गोण्या मधोमध असताना सगळं शांत. मग हाडाच्या ऑपरेशनसारखं केलं: सी-आर्मला खाली मोकळी जागा मिळावी म्हणून रुग्णाला पायांकडे सरकवतात, तसा भाराचा मध्य खांबापासून पाऊण मीटर पायांकडे नेला. जॅक वाढवत पाच अंशांच्या जवळ पोचलो आणि खालून आवाज आला: टक्. टेबल उलटलं नाही. दांडी अडणीवर जाऊन आपटली होती. तीन मिलिमीटरचा झोल, पण हाडात ड्रिल चालू असताना असा 'टक्' झाला तर?

रात्री कागदावर मांडलं. डुलत्या दांडीच्या बाजूला आधाराचा त्रिकोण निमुळता होत जातो. भार त्या निमुळत्या टोकाकडे सरकला की दोन्ही बाजूंना उरते फक्त ५० मिलिमीटर. ५ अंशांच्या कलण्याने वजनाची रेषा सरकते ६०. जायचीच ती पलीकडे. तीच दांडी डोक्याकडे नेली तर त्याच भाराला दोन्हीकडे २०० मिलिमीटर मिळतात. ९० किलोच्या रुग्णाच्या भाषेत सांगायचं तर, बाजूने २० किलोची ओढ लागली की दांडी डुलणार होती, ती आता ५६ पर्यंत डुलणार नाही. भार जिकडे जातो तिकडे पक्के पाय, उलट बाजूला दांडी. कळल्यावर इतकं सोपं वाटलं की दोन दिवस कुणाशी बोललो नाही. वेल्डरने नवीन कंस जोडताना एवढंच विचारलं, "जागा नव्हती ना तिथे?" जागा काढली.

पोटाच्या ऑपरेशनला रुग्ण मधोमध असतो. तिथे दांडी ३८ किलोच्या ओढीपर्यंत स्वस्थ राहते. दुर्बिणीच्या काही ऑपरेशनांत डोकं खाली, पाय वर करतात. जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांचं नाव ज्या स्थितीला आहे ती. तेव्हा भार डोक्याकडे सरकतो, म्हणजे दांडीकडेच. हा कोपरा मला अजून आवडत नाही. त्या स्थितीत बाजूने कुणी जोरात ओढत नाही, एवढ्या भरवशावर तो सोडला आहे, आणि उत्पादकाच्या कागदावर तशी नोंद करायला लावली आहे.

धातू आणि रबर

बैठकीचं आवरण जुन्या टेबलाला 'स्टेनलेस'चं होतं, तरी तपकिरी डाग. बाजारात २०२ ग्रेड स्टेनलेस म्हणून सर्रास खपतं. त्यात निकेल कमी, मँगेनीज जास्त. लोहचुंबक लावून ओळखता येतं हा समज चुकीचा: २०२ ला चुंबक चिकटत नाही, ३०४ लाही नाही. ३०४ आतल्या भागाला ठीक. पण जिथे सलाईन आणि हायपो साचणार तिथे, म्हणजे पायांच्या वाट्या, दांडीची खिळी, पेडल, ३१६ घेतलं, ज्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडपुढे ते टिकतं. माल आल्यावर थेंबाची मॉली टेस्ट, म्हणजे मॉलिब्डेनम आहे का ते बघायची चाचणी, केल्याशिवाय कापला नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फटी. रबर आणि धातूच्या मधे पाणी अडकलं तर ३१६ सुद्धा टोचे पडून खराब होतं. म्हणून वाटीला खालून निचऱ्याचं भोक.

रबर काळं, वीज वाहून नेणारं. जुनी चाकं अँटिस्टॅटिक होती. साध्या रबरावर टेबल उभं केलं असतं तर साठलेल्या स्थिर विजेची जमिनीकडची वाट तुटली असती. भुलेच्या डॉक्टरांनी हे विचारलं, मला सुचलं नव्हतं.

नंतर

बसवल्यावर बारीक हालचाल मोजणारं डायल गेज लावून, ताणकाट्याने बाजूने २० किलो ओढून पाहिलं. आधी वर सात मिलिमीटरच्या आसपास हलायचं, आता दीड. तो दीडही बैठकीचा नाही, वरच्या खांबाच्या झिजलेल्या बुशचा आहे. त्याचं काम वेगळं.

पहिल्याच आठवड्यात मात्र मामा टेबल चाकांवरच ठेवून विसरले. ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून बरं. आता चाकं खाली असली की बैठकीच्या दोन्ही बाजूंना बोटभर लाल पट्टी उघडी पडते, पाय टेकले की झाकली जाते. ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या कागदावर सिस्टरनी स्वतःच्या अक्षरात ओळ घातली आहे: "लाल दिसते का?"

राहिला पाऊस. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा या दवाखान्याचा तळमजलाही बुडाला होता आणि टेबल वर नेता आलं नव्हतं. इथे लिफ्ट नाही, स्ट्रेचरचा रॅम्प आहे, साधारण १० ला १. साडेपाच-पावणेसहा अंश. चाचणीतल्या १० अंशांवर मी अडून बसलो होतो ते याच रॅम्पसाठी. २४० किलो या चढावर न्यायला २४ किलोच्या वर जोर लागतो, लाद्या काढल्या की २० आणि थोडा. मधे दम खायला थांबलं तर पेडल सोडून पायांवर उभं करता येतं.

गेल्या जुलैत एका रात्री नदी इशाऱ्याच्या खुणेकडे चढायला लागली, तेव्हा मामा, मावशी आणि रात्रपाळीची सिस्टर अशा तिघांनी टेबल वर नेलं. पाणी आवारापर्यंत येऊन परतलं. सकाळी सिस्टरचा फोन आला. टेबल ठीक आहे, पण नीरमाच्या दोन्ही लाद्या खालीच राहिल्या, त्यांच्या कडांना रात्रभरात गंज धरलाय, आणि एपॉक्सी रंग लावायला माणूस कधी पाठवताय?